पंधरा मिनिटांची मीटिंग

आमच्या कंपनीत तासाभराच्या मीटिंगला कुणी घाबरत नाही. तीत लोक खुशाल पेंगतात. अर्ध्या तासाच्या मीटिंगचीही कुणाला पर्वा नसते. पण एखाद्याच्या कॅलेंडरवर पंधरा मिनिटांचा चौकोन उमटला, त्याचं नाव ‘थोडं बोलूया’ असं गुळमुळीत असलं आणि बोलावणाऱ्यांत एचआरची जॅनिन असली, की माणूस टेबलाचे खण आवरायला लागतो. पंधरा मिनिटांत एकच गोष्ट सांगून होते, तुझी नोकरी गेली. असे चौकोन लावायचं काम माझं.

मी व्हर्ना पाचेको. तेवीस वर्षं या कंपनीत सेक्रेटरी आहे. हल्ली आम्हाला सेक्रेटरी म्हणायचं नसतं, दर दोन वर्षांनी नवं लांबलचक नाव देतात, पण मी सेक्रेटरीच. रुग्णालयांतल्या नर्सेसच्या ड्युट्या लावणारं सॉफ्टवेअर आम्ही विकतो. सॅन मटेओत खाडीच्या कडेला आमची तीन मजली काचेची इमारत आहे, आणि समोरच्या हिरवळीवर रानहंसांनी इतकी घाण करून ठेवलेली असते, की मोठमोठे पगारदार साहेब सकाळी आत येताना लंगडी घातल्यासारखे चालतात. ते बघायला मी मुद्दाम खिडकीची जागा घेतली आहे.

माझा साहेब कर्टिस हॅलोरन. इंजिनिअरिंगचा व्हाइस प्रेसिडेंट, दोनशे माणसं हाताखाली. एकोणीस वर्षांपूर्वी आला तेव्हा तळमजल्यावर बसून तक्रारींचे फोन घ्यायचा. पलीकडे फ्रेझ्नोच्या कुठल्याशा वॉर्डातली नर्स तोंडाचा पट्टा सोडून बसलेली असायची आणि हा शांतपणे म्हणायचा, हो बाई, चूक आमचीच. कॉलेज अर्ध्यावर सोडलेला पोरगा, प्रोग्रामिंगचं ओ की ठो कळत नव्हतं. ते त्याला आर्मेन सार्किसियननं शिकवलं. आर्मेन तेव्हाचा आमचा मुख्य इंजिनिअर. रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला शेजारी बसवायचा, सुकवलेल्या जर्दाळूंची पिशवी मध्ये ठेवायचा आणि म्हणायचा, चुकलास तर एक जर्दाळू मी खाणार. पहिले सहा महिने कर्टिसच्या वाट्याला एकही आलं नाही.

पुढचं सगळं मी त्याच्या कॅलेंडरवर पाहिलं. आधी आठवड्याला दोन चौकोन. मग दहा. मग त्याला टीम मिळाली आणि दिवस भरला. मग विभाग मिळाला आणि जेवणाची वेळ गेली. गुरुवारी सहाला मुलीच्या पियानोचा एक हिरवा चौकोन असायचा. तो आधी महिन्यातून एकदा सरकायला लागला, मग दर आठवड्याला, आणि एके दिवशी त्यानं मला तो काढूनच टाकायला सांगितला, कारण मुलगी आता आईबरोबर पोर्टलंडला राहणार होती. मी काढला. व्हाइस प्रेसिडेंट झाल्यापासून तर तो स्वतःचं कॅलेंडर बघतच नाही. सकाळी मी कागदावर दिवस लिहून देते, तो खिशात घालतो आणि कागद नेईल तिकडे जातो. मला मालकीणबाई म्हणतो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

तर मागच्या महिन्यातला गुरुवार. कर्टिसनं मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि एक यादी पुढे सरकवली. सव्वीस नावं होती.

‘‘मंगळवारी,’’ तो म्हणाला. ‘‘सगळे ऑफिसात असतात तो दिवस. प्रत्येकाला वेगळं, समोरासमोर. सांगणार मी. जॅनिन नुसती शेजारी बसेल.’’

एवढा घाट आमच्याकडे कुणी घालत नाही. मागच्या वेळी विक्री विभागातली चाळीस माणसं एका व्हिडिओ कॉलवर घेऊन सात मिनिटांत मोकळी केली होती. जॅनिनला यावेळीही तसंच हवं होतं. वकिलांना तर हवंच होतं. कर्टिस अडून बसला होता. मला वाटलं, हा उगाच अंगावर ओढून घेतोय.

मग मी यादी वाचली. पहिलंच नाव आर्मेनचं.

‘‘आर्मेन?’’ मी म्हणाले.

‘‘त्याला नऊला ठेव. सगळ्यात आधी. त्याला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.’’

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पुढे बोलले नाही. सेक्रेटरींचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण कंपनीतल्या आम्ही चौघीही पाळतो. कॅलेंडरवर जे दिसतं ते बोलायचं नाही. ज्याचं त्याला नाही, आपल्या साहेबाला नाही, घरी नवऱ्याला नाही. या नियमावरच आमच्या नोकऱ्या टिकून आहेत.

दुपारभर मी खोल्या शोधल्या आणि वेळा लावल्या. चौकोन लोकांना सोमवारी संध्याकाळी सहाला दिसणार होते, तोवर झाकलेले. नऊ, सव्वानऊ, साडेनऊ. बाराला त्याला अर्धा तास श्वास घ्यायला ठेवला. तीनच्या आसपास आणखी थोडी फट ठेवली, कारण कुणी ना कुणी रडतंच. शेवटचा माणूस सव्वाचारला. आणि सगळं मनासारखं बसल्यावर मी तो दिवस पुन्हा एकदा वरून खालपर्यंत पाहिला, तर साडेचारला आणखी एक चौकोन. तो मी लावलेला नव्हता.

पंधरा मिनिटं. ‘थोडं बोलूया.’ खासगी म्हणून कुलूप घातलेला, पण कर्टिसच्या कॅलेंडरची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे मला उघडा दिसला. बोलावणारा ब्रेंट कोलिअर, आमचा सीईओ. सोबत जॅनिन. बोलावलेला माणूस एकच, कर्टिस.

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा माझे कान तापले. म्हणजे दिवसभर याच्या हातून याचीच सव्वीस माणसं कापून घ्यायची, आणि हात पुसायच्या आत याला कापायचं. आणि हा बिचारा यादीवर मान खाली घालून बसलाय, आर्मेनला आधी ठेव म्हणतोय. ब्रेंट दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा सल्लागार कंपनीतून आला. दात पांढरेशुभ्र, हातात कायम पाण्याची बाटली. वरच्या मजल्यावरच्या माणसांची नावंही त्याला धड येत नाहीत. मी त्या दिवशी त्याला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या माझ्या बापानं मासेमारीच्या होडीवरही दिल्या नसतील.

शुक्रवारी मी तीनदा कर्टिसच्या दारापर्यंत गेले. एकदा कॉफी घेऊन, एकदा सही घ्यायला, एकदा उगाच. तिसऱ्या वेळी तो पाठमोरा बसून काहीतरी पुटपुटत होता. आधी वाटलं फोनवर आहे, पण फोन टेबलावर पालथा होता. तो यादीतली नावं म्हणत होता. नाव, मग वेळ. पाढे म्हणावेत तसा. मी तशीच मागे फिरले.

शनिवार-रविवार मी हाफ मून बे गावी बहिणीकडे होते. तिनं लिंग्विसा सॉसेज भाजलं होतं, गोड पाव केला होता. मी एका जागी बसेना. भांडी घासलेली पुन्हा घासली, तिच्या कुत्र्याला चारदा फिरवून आणलं, कुत्राच शेवटी पलंगाखाली जाऊन लपला. बहीण म्हणाली, तुझी नोकरी जातेय का? मी म्हणाले, माझी गेली असती तर बरं झालं असतं. आणि ते मी मनापासून म्हणाले. दोन दिवसांत मी लॅपटॉप किती वेळा उघडला ते सांगत नाही. साडेचारचा चौकोन होता तिथेच होता.

त्याला सांगायचं, तर तेवीस वर्षांचा नियम मोडतो. नाही सांगायचं, तर मंगळवारी दिवसभर त्याला बघवणार नाही. रविवारी रात्रीचं जेवण आवरताना मला तिसरी वाट सुचली, आणि मी स्वतःवर इतकी खूष झाले की बहिणीला मिठी मारली. सांगायचं नाही, एवढाच नियम होता. हलवायचं नाही, असं कधीच कुणी म्हटलेलं नव्हतं.

मोठे साहेब लोक वेळेचं कारण विचारत नाहीत, हे बाहेरच्यांना खरं वाटणार नाही. त्यांना वाटतं, दिवस आपण चालवतो. दिवस आम्ही चौघी चालवतो. साडेचारचा चौकोन सकाळी आठला नेला, की ब्रेंट बाटली घेऊन आठला हजर होणार. कर्टिसला आठलाच कळणार. आणि एकदा कळलं की आमच्याकडे माणसाला आत थांबूच देत नाहीत. तो खोलीत असतानाच त्याचा कॉम्प्युटर बंद होतो, दाराचं कार्ड बंद होतं. म्हणजे त्या सव्वीस जणांना सांगायचं पाप त्याच्या माथी येणार नाही. ते करेल ब्रेंट. करू दे की, नावं तरी पाठ होतील.

सोमवारी सकाळी मी ओडेटला फोन केला. ओडेट म्हणजे ब्रेंटची सेक्रेटरी, न्यू ऑर्लिअन्सची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि माझ्याहून दहापट सावध.

‘‘उद्याचं साडेचारचं कर्टिसला जमत नाहीये,’’ मी म्हणाले. ‘‘सकाळी आठला कर.’’

पलीकडे तिनं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘‘त्यानं तुला सांगितलं?’’

‘‘मला न सांगता तो शिंकतो तरी का?’’

‘‘तसं नाही गं. त्यालाच आठला हवंय? बाकीच्यांच्या आधी? नक्की?’’

‘‘नक्की. त्यालाच हवंय.’’

‘‘बरं बाई,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटलं नव्हतं.’’

तिला काय वाटलं नव्हतं, ते विचारायला हवं होतं मी. पण मला घाई होती. पाच मिनिटांत चौकोन आठला जाऊन बसला आणि मी चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर नाश्ता केला.

त्या दिवशी जाताना कर्टिस माझ्या टेबलाशी थांबला. तोंड उतरलेलं होतं, दाढी करताना कापून घेतलं होतं. म्हणाला, ‘‘मालकीणबाई, उद्या पाच वाजता मोकळी आहेस का? जरा बोलायचंय तुझ्याशी. कॅलेंडरवर लावू नकोस.’’ मी म्हणाले, बघते, फार मोठी माणसं रांगेत आहेत. तो हसला. मला वाटलं, मंगळवार संपल्यावर याला कुणाशी तरी दोन शब्द बोलायचे असतील.

मंगळवारी मी सातला आले. कर्टिस साडेसातला आला. मी कागद दिला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, आठ वाजता ब्रेंट, तिसऱ्या मजल्यावरची छोटी खोली. त्यानं ते वाचलं आणि कपाळाला आठी घातली. ‘‘आत्ता काय काम काढलं यानं?’’ म्हणाला, आणि गेला. कोट खुर्चीवरच होता.

आठ वाजून सहा मिनिटांनी त्याच्या टेबलावरचा कॉम्प्युटर आपोआप बंद झाला. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. आता तो खाली जाईल, घरी जाईल, आठवडाभर झोपेल, आणि मग एखाद्या दिवशी फोन करून म्हणेल की मालकीणबाई, बरं झालं. फोनवर मी काय बोलेन तेही ठरवून टाकलं होतं.

साडेआठला ब्रेंट माझ्या टेबलाशी आला. एकटाच. बाटली नव्हती. हातात माझीच यादी होती, वेळांसकट.

‘‘नऊचा हा माणूस,’’ तो म्हणाला. ‘‘अर्मान?’’

‘‘आर्मेन. सव्वीस वर्षं आहे इथे.’’

‘‘आर्मेन,’’ त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं. मग तिथेच उभा राहिला. मी त्याला इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, ‘‘हे त्यानं करायला हवं होतं, व्हर्ना. त्यानंच मागून घेतलं होतं. आठवडाभर माझ्या मागे लागला होता. म्हणाला, सगळ्यांना मी सांगतो, प्रत्येकाला, आणि शेवटी तू मला सांग. यादीत सत्ताविसावा मी. मी म्हटलं, तुला कुणी जा म्हणत नाहीये. तर म्हणाला, मग यादीही दुसऱ्याकडून करून घे. वकील नको म्हणत होते. पहिल्यांदाच मी त्यांचं ऐकलं नाही. आणि आयत्या वेळी यानं मला आठची वेळ पाठवली.’’

मी काय ऐकतेय ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

‘‘ती वेळ मी पाठवली,’’ मी म्हणाले. ‘‘त्याला माहीतही नव्हतं.’’

ब्रेंटनं माझ्याकडे पाहिलं. दाराशेजारची कुंडी बोलायला लागली असती तर त्यानं जसं पाहिलं असतं तसं. ‘‘तो काहीतरी म्हणत होता आत,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘की हे ठरलं नव्हतं. मला वाटलं, जॅनिनसमोर नाटक करतोय.’’

‘‘त्याला वर बोलाव. अजून अर्धा तास आहे.’’

‘‘आता नाही येत. एकदा कागद वाचून दाखवला की नाही येत. वकील—’’

‘‘एकदा ऐकलं नाहीस ना त्यांचं? आणखी एकदा नको ऐकू.’’

त्यानं नकारार्थी मान हलवली. मला वाटतं त्याच्या मनात होतं, पण त्याची हिंमत एकदाच पुरेल एवढीच होती. म्हणाला, लोक विचारतील तेव्हा मी इतकंच म्हणेन की कर्टिस आज सकाळी कंपनी सोडून गेला. त्याहून जास्त बोलायची परवानगी नाही. आणि आर्मेनचं नाव पुटपुटत तो खोलीकडे गेला.

म्हणजे सव्वीस माणसं आता एक एक करून हे ऐकणार होती, की नाव लिहिणारा सकाळीच पळून गेला. मी कर्टिसचा कोट उचलला आणि जिन्यानं खाली धावले. एकसष्टाव्या वर्षी धावणं काय असतं ते धावल्याशिवाय कळत नाही.

तो गेला नव्हता. रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या कठड्याला टेकून उभा होता. आमची हद्द हिरवळीच्या कडेला संपते, तिथून पुढे त्याला कुणी हलवू शकत नव्हतं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खाडीवरून वारा येत होता, आणि तो घड्याळाकडे बघत होता.

मी कोट दिला. त्यानं तो नुसता हातात धरला.

‘‘ब्रेंटनं शब्द मोडला,’’ तो म्हणाला.

‘‘ब्रेंटनं नाही. मी मोडला. साडेचारचं आठला मी नेलं. तुला न विचारता. ओडेटला म्हटलं, तुलाच हवंय.’’

तो कोटाची घडी घालायला लागला. ओरडला असता तर मला चाललं असतं, मी तयारीनं आले होते. एक बस आली, दार उघडून थांबली, आम्ही दोघंही चढत नाही म्हटल्यावर निघून गेली.

‘‘का?’’ त्यानं विचारलं.

‘‘मला वाटलं, तुला माहीत नाहीये. वाटलं, तुझ्या हातून सगळं करून घेऊन तुला काढतायत. तुला दिवसभर तसं बघवलं नसतं मला.’’ मग मला रागही आला, स्वतःचा आणि त्याचाही. ‘‘तू सांगायचं होतंस मला. इतकी वर्षं तुझ्या दातांच्या डॉक्टरची वेळसुद्धा मी घेते.’’

‘‘पाच वाजता सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर तू तोंड पाडून बसली असतीस आणि मजल्यावर सगळ्यांना कळलं असतं.’’

हे खरं होतं.

‘‘यादी करायला बसलो,’’ तो म्हणाला, ‘‘आर्मेनचं नाव लिहिलं, आणि मग मला खुर्चीत बसवेना. त्याला घालवून त्याच खुर्चीत बसायचं कसं? म्हटलं, एवढं तरी नीट करून जाऊ. एकोणीस वर्षांत नीट केलेलं दुसरं काय दाखवू मी? बढत्या?’’ त्यानं पुन्हा घड्याळ पाहिलं. ‘‘नऊ वाजले. आर्मेन आत गेला.’’

आम्ही तिथेच उभे राहिलो. मी त्याला घरी जा म्हणाले नाही. माफी मागितली, ती त्यानं ऐकली की नाही कळलं नाही. सव्वानऊला तो म्हणाला, ‘‘डेस्टिनी ओकॅम्पो. तिला आधी पाणी द्यायला हवं, ती घाबरली की तिचा घसा कोरडा पडतो. ब्रेंटला काय माहीत.’’ प्रत्येकासाठी त्यानं असं काहीतरी ठरवून ठेवलं होतं. शुक्रवारी तो नुसती नावं पाठ करत नव्हता. आणि ते सगळं मी एका फोननं रस्त्यावर आणून ठेवलं होतं. मला रडू आलं, मी रडले, लपवलं नाही.

तेवढ्यात आर्मेन बाहेर आला. छातीशी खोका, त्यात त्याची किटली आणि वायरींचं गुंतागुंतीचं भेंडोळं. त्याची पांढरी झालेली दाढी वाऱ्यानं एका बाजूला गेली होती. हिरवळीच्या कडेकडेनं तो त्याच्या जुन्या व्होल्वोपाशी गेला, खोका मागच्या सीटवर ठेवला आणि वर पाहिलं. रस्त्यापलीकडे कर्टिस दिसला. कर्टिसनं हात उचलला. आर्मेननं तोंड फिरवलं, आत बसला आणि गाडी सुरू केली.

कर्टिसचा हात तसाच अर्धवट राहिला. मी त्याचा चेहरा पाहिला नाही. सरळ रस्ता ओलांडला, दोन्हीकडच्या गाड्यांनी मला यथेच्छ हॉर्न दिले, आणि व्होल्वोच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. हंसांच्या घाणीत, माझ्या चांगल्या बुटांसकट.

आर्मेननं काच खाली केली. ‘‘बाजूला हो, व्हर्ना.’’

‘‘तो पळाला नाही.’’

‘‘तो गेला. वरती सांगितलं मला. सकाळीच.’’

‘‘मी घालवलं त्याला,’’ मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. साडेचार, आठ, ओडेटचा फोन, सत्ताविसावं नाव. उभ्या उभ्या, धापा टाकत, नियमबियम सगळे मोडून. तो पुढच्या काचेतून नुसता समोर बघत होता. शेवटी म्हणाले, ‘‘नाव त्यानंच लिहिलं, ते खरं आहे. ते मी नाही म्हणत नाही. पण तुला सांगणार तोच होता. सगळ्यात आधी तुला.’’

आर्मेननं काच वर घेतली. मग त्यानं किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि गुडघ्यावर हात देऊन उतरला. मी बरोबर जायला निघाले तर त्यानं तळहात दाखवून मला मागे ठेवलं. पण चार पावलं मागून मी गेलेच.

तो कर्टिससमोर उभा राहिला. कर्टिसहून एक वीतभर बुटका. कोट अजून कर्टिसच्या हातातच होता.

‘‘सांग,’’ आर्मेन म्हणाला.

‘‘तुला कळलंय.’’

‘‘त्याच्याकडून कळलंय. त्यानं माझं नाव दोनदा चुकवलं. तू सांग.’’

कर्टिसनं घसा साफ केला. मग कोट कठड्यावर ठेवला आणि सरळ उभा राहिला. ‘‘आर्मेन, आज तुझा कंपनीतला शेवटचा दिवस आहे. हा निर्णय मी घेतला. नाव मी लिहिलं. दुसऱ्या कुणी लिहायला लावलं नाही.’’

आर्मेन ऐकत होता. पंधरा मिनिटांपूर्वी हेच ऐकून आलेला माणूस, पण त्याचा चेहरा आत्ता पडला, माझ्यासमोर.

‘‘मीच का?’’ त्यानं विचारलं. वरती हे त्यानं विचारलं नसणार.

‘‘तू लिहिलेलं सगळं आम्ही तीन वर्षांपूर्वी बदलून टाकलं. नवं तुला जमत नाहीये. हे मला तेव्हापासून माहीत आहे. मी तुला सांगितलं नाही. दर वर्षी तुझ्या कामाच्या अहवालावर उत्तम असं लिहून सही करत राहिलो, कारण तुझ्यासमोर बसून हे बोलायची माझ्यात हिंमत नव्हती. तीन वर्षांपूर्वी बोललो असतो तर तू शिकला असतास. मला शिकवलंस तसं.’’

आर्मेननं मान खाली घातली. मला वाटलं तो आता वळेल, किंवा त्याच्या अंगावर जाईल, दोन्हींतलं काही त्यानं केलं असतं तरी मी मध्ये पडले नसते. तो तसाच उभा राहिला आणि मग बाहीनं डोळे पुसले.

‘‘तीन वर्षं,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटायचं, माझं डोकं चालेनासं झालंय आणि ते फक्त मलाच कळतंय.’’

‘‘नाही,’’ कर्टिस म्हणाला. ‘‘मलाही कळत होतं.’’

आर्मेन पुढे होऊन कठड्यावर बसला. कर्टिसही त्याच्या शेजारी बसला. कुणी उठलं नाही. साडेनऊ वाजत आले होते, आणि डेस्टिनी कुठल्याही क्षणी त्या दारातून बाहेर येणार होती. मी रस्ता ओलांडून दाराशी जाऊन उभी राहिले, तिला अडवून कर्टिसकडे न्यायला.